दोन टाळ्यांच्या मध्ये

"भाऊ गेले. आता या पोरीले बोलाले कोन शिकवन?"

एटापल्लीच्या मैदानावर मी बुटांची लेस बांधत होते, तेव्हा मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. आम्हाला फुटबॉलची पंचगिरी शिकवणारे रामटेके भाऊ त्या सकाळी गेले, हे मला असं कळलं. मी पंच असणार होते तो अंतिम सामना पुढे ढकलला. मी लेस सोडायला गेले… गाठ सुटेना.

मी चंद्रपूरहून त्यांच्याकडे शिकायला यायचे. सुरुवातीला त्यांना सर म्हटलं, तर म्हणाले, "सर काऊन? मी का तुझ्या कॉन्व्हेंटात आहो? भाऊ मन." माझी अडचण त्यांनी लवकरच ओळखली. फाऊल मला दिसायचा, पण तो मनात आधी इंग्रजीत यायचा, मग मराठीत, मग कुणाला वाईट वाटेल का हा विचार. तोवर चेंडू दुसऱ्या टोकाला. त्यांनी माझी शिट्टी काढून घेतली. "हिच्यामागं लपून राह्यली तू. तोंडानं सांग." मला पाठमोरी उभी करायचे आणि दोन मुलांना चेंडूवर सोडायचे. पहिल्या टाळीला वळायचं, दुसरी वाजायच्या आत निर्णय मोठ्यानं सांगायचा. उशीर झाला तर रागवायचे नाहीत, पुन्हा पाठमोरी करायचे. "पाय पाह्य. चेहऱ्याकडं पाह्यलं का गेली तू." पडणारा बहुतेक वेळा त्यांचा मुलगा प्रशांत असायचा. एकदा मी त्याच्या कण्हण्यावर फाऊल दिला, तेव्हा भाऊ हसत सुटले. "याच्या मायलेबी असाच फसवते हा."

भाऊंच्या जलदानविधीनंतर काही आठवड्यांनी तो सामना झाला. जिल्ह्याचे सामने मला द्यायचे की नाही, हे त्यावरच ठरणार होतं. सकाळी प्रशांतनं भाऊंची शिट्टी माझ्या हातात ठेवली. मग तो आपल्या संघाकडे सरावाला गेला.

बरोबरी होती, वेळ संपत आली होती. प्रशांत चेंडू घेऊन गोलसमोरच्या चौकटीत शिरला, बचावपटू घसरत आला, प्रशांत कोसळला. सगळं मैदान उभं राहिलं. पेनल्टी, पेनल्टी. दोरीजवळून एक आवाज आला, "बापाच्या नावानं तरी दे ना, बाई."

मी पाय पाहिले होते. बचावपटूचा बूट आधी चेंडूला लागला होता, पायाला नंतर.

प्रशांतनं मान वर केली. त्याचं कपाळ अगदी भाऊंसारखं आहे. डोळे भरलेले होते, आणि या वेळी ते नाटक नव्हतं. इतकी माणसं, इतका आवाज, आणि सगळ्यांना माझ्याकडून एकच शब्द हवा होता… शिट्टी मुठीत ओली झाली होती. ती मी ओठांकडे नेली नाही. दुसरी टाळी वाजवायला तिथं कुणी नव्हतं, तरी ती वाजायच्या आत मी मोठ्यानं म्हणाले,

"फाऊल नाई. ऊठ, प्रशांत. खेळा."