एका ढिगाची बदली

एक अत्यंत गंभीर बाब जनतेपासून आजवर लपवून ठेवली होती, ती आता जाहीर करतो. भोरच्या धरणाकाठी लष्कराच्या एका अख्ख्या सेक्शनला एका धनगर बाईने दिवसभर अनवाणी दगड वाहायला लावले. सेक्शनचा हवालदार मीच होतो.

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली होती. महायुद्धात वेल्ह्याच्या बाजूच्या काठावर फौजेचा ट्रेनिंग कॅम्प होता. फौज गेली. मागे सिमेंटचे चौथरे, बुजत आलेले खंदक आणि न फुटलेले मॉर्टर बॉम्ब राहिले. आता तिथे राखीव जंगल करायचं होतं, म्हणून काठ साफ करायला आम्हा सॅपर्सना, म्हणजे फौजेच्या सुरुंगवाल्यांना, पाठवलं.

सहाला फॉलइन. सातला काठावर. मी डिटेक्टर घेऊन पुढे, पाच जवान मागे. डावीकडे पाणी, उजवीकडे करवंदीच्या जाळ्या, पायाखाली मृत्यू. सरकारी खर्चाने याहून सुंदर सहल मी केलेली नाही.

वाट दाखवायला तानूबाई होती. साठीची, हातात काठी, मागे शेरडं. काठावरचं लोखंड न् लोखंड तिला पाठ.

"हवालदारा, पाय उचलून टाक. सासुरवाडीला आल्यागत चालू नगंस."

पाचव्या दिवशी कमरेएवढा दगडांचा ढीग लागला. डिटेक्टर किंचाळला.

"ह्यो आमच्या शिपायाचा," तानूबाई म्हणाली.

कॅम्पातला एक शिपाई तिच्या खोपटावर ताक प्यायला यायचा. एकदा फायरिंग चालू असताना तिची शेरडं रेंजमध्ये शिरली, त्यांच्यामागे ती. शिपाई धावत आला, तिला मागे ढकललं, आणि बॉम्ब त्याच्याजवळ फुटला. फौज त्याला घेऊन गेली. जागा उरली. तेव्हापासून जाणारा-येणारा तिथे एक दगड टाकून पुढे जाई.

"त्याची बोली आमाला कळंना. नाव इचारायचं ऱ्हाऊन ग्येलं."

"मावशी, पण खाली लोखंड वाजतंय."

"पट्ट्याचं बक्कल आसंल."

मी वायरलेसवर कॅप्टनसाहेबांना विचारलं.

"ढिगासकट उडवा. ओव्हर."

तानूबाईला वायरलेस कळत नव्हता, पण माझा चेहरा कळला. ती जाऊन ढिगावर बसली.

"उडवा. माज्यासकट उडवा."

ब्रह्मदेशात मी जपान्यांसमोर उभा राहिलो होतो. तानूबाईसमोर खाली बसलो.

"मावशी, उठा. ढिगाची बदली करू. वर, त्या जांभळीखाली. एक दगड मागं ठेवणार नाही."

"फेकायचं न्हाईत."

"हातानं ठेवू."

"बूट काढून."

बूट काढले. ढिगावरून दगड मी एकट्याने उचलायचे आणि वीस पावलांवर ठेवायचे. तिथून जवानांनी वर न्यायचे. खाली काय आहे ते माहीत नव्हतं, म्हणून ढिगाजवळ दुसरा कोणी नको.

दोन वाजता वायरलेस बोलला.

"धमाका ऐकू आला नाही. ओव्हर."

"दगड वाहतोय, साहेब. ओव्हर."

"कुणाच्या हुकमाने? ओव्हर."

मी वर पाहिलं. जांभळीखाली कमरेवर हात ठेवून तानूबाई जवानांना रांगेत लावत होती.

"मला सीनियर आहेत, साहेब. ओव्हर."

तीनला तळ लागला. मातीतून गंजलेली शेपटी वर आली होती. मॉर्टर बॉम्ब, पुरता शाबूत. शेवटचे चार दगड त्याला टेकून होते. नियम म्हणतो, हात लावू नका. मी शब्द दिला होता. ते चार कसे काढले, हे सांगत नाही. एखादे ऑफिसर हे वाचत असतील.

चारला चार्ज लावून बॉम्ब उडवला. माती पाण्यात पडली, बदकं उडाली, शेरडं पांगली. मी अनवाणीच वर गेलो. नवा ढीग जुन्यापेक्षा देखणा झाला होता. वरचे चार दगड तानूबाईने स्वतः ठेवले. मी सेक्शनला सावधान केलं आणि नाव माहीत नसलेल्या त्या शिपायाला सॅल्यूट दिला.

मग तिला खरं सांगितलं. बक्कल नव्हतं. तिथे दुसरा बॉम्ब जिवंत पडलेला होता, आणि इतकी वर्षं तुम्ही सगळे त्याच्यावर दगड मारत होता.

तानूबाईने ढिगावरचा एक दगड नीट बसवला. मग एकदम बोलून गेली, "मंजी पोरगं इतकी वर्सं त्याला दाबून बसलं व्हतं."