एकशे पस्तीसच्या आत एकवीस किलोमीटर

तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. शहरातल्या कितीतरी लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या, पण स्वतः मात्र अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून जिनाच चढायचा. "तेवढाच सराव!" म्हणायचा. पळणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. पन्नाशी ओलांडली तरी एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत मारायचा.

एका सकाळी पळताना जबड्याखाली ओढल्यासारखं झालं. थांबलं की जायचं, पळायला लागलं की परत हजर. पित्त असेल, म्हणून त्याने आठवडाभर अंगावर काढलं. मग एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनखोलीत ब्रेक उघडता उघडता तो घामाने निथळून खालीच बसला. बरोबरच्या मेकॅनिकने त्याला तडक दवाखान्यात पोचवलं. तीन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद. चौथ्या दिवशी बायपास.

"रोज पळणाऱ्याला हे कसं काय?" भेटायला आलेला प्रत्येक जण विचारायचा.

"पळत होतो म्हणून तुमच्याशी बोलतोय, असं डॉक्टरीणबाई म्हणतात," तो सांगायचा आणि खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायचा.

घरी आल्यावर त्याचा पहिला पल्ला होता पलंगापासून मोरीपर्यंत. पुढे फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. सात-आठ महिन्यांनी दवाखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर चालवून, पळवून हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदाची गुंडाळी उलगडून पाहिली.

"पळा," त्या म्हणाल्या. "पण मनगटावरच्या घड्याळात ठोके एकशे पस्तीसच्या वर गेले की चालायचं. वाद घालायचा असेल तर आकड्याशी घाला, माझ्याशी नको."

त्याचे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या बायकोने मात्र पदर खोचला. "मग मीही येणार."

"तू? अगं, तू बस पकडायलासुद्धा पळत नाहीस!"

"बस दुसरी येते," ती म्हणाली.



बायको बेकरीत कामाला होती. दिवसभर उभं राहून पीठ मळायची. मनगटं लोखंडाची आणि आवाज असा खणखणीत, की भट्टीच्या घरघरीतही ऐकू जावा. दुसऱ्या दिवशी ती मुलीचे जुने बूट घालून तयार. दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पळून झालं आणि दोघंही थांबले. त्याचा आकडा वर गेला होता, तिचा श्वास! दोघंही गुडघ्यांवर हात ठेवून इतके हसले, की दूधवाल्याने सायकल थांबवून विचारलं, "काही झालं का?"

"झालं तर! आम्ही पळालो!"

मग खांब वाढत गेले. दोनाचे चार, चाराचे वीस, मग किलोमीटर. त्याला कधी स्वतःचाच राग यायचा. कासवाने मागून येऊन "जरा बाजूला सरकता का?" म्हणावं, असा त्याचा वेग. पण "अहो, आकडा!" अशी हाक आली की मुकाट्याने चालायचा. वर्षभराने डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला होकार दिला. अट तीच.

शर्यतीच्या दिवशी तो सगळ्यांत मागच्या रांगेत उभा राहिला. पिपाणी वाजली आणि आकडा जागेवरच एकशे दहा! "अजून पाऊल उचललं नाही हो," बायको पुटपुटली. हजारो बुटांचा थपथप आवाज सुरू झाला आणि त्याला वाटलं, आपल्याला कोणीतरी पुन्हा माणसांत आणून सोडलंय.

चौदाव्या किलोमीटरला उड्डाणपूल. एकशे चौतीस, छत्तीस. चाला! काठी टेकत चालणाऱ्या एक आजीबाई हसत हसत पुढे निघून गेल्या. त्याने ओठ चावला, पण चालला. पूल उतरला, आकडा उतरला, परत पळाला.

सतराव्याला बायको एकदम म्हणाली, "अहो, माझे पाय ऐकेनात. जोरात पळावंसं वाटतंय."

"मग पळ की!"

"आणि तुम्ही?"

"दर किलोमीटरला मदतवाले उभे आहेत. जा गं!"

ती सुटली. पीठ मळणारे दंड हलवत ती गर्दीतून अशी काही वाट काढत गेली, की तो रस्त्याच्या मधोमध ओरडला, "ती माझी बायको आहे!"

शेवटचे दोनशे मीटर. तीन तासांची मुदत संपायला तीन मिनिटं. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, "पळा काका, पळा!" आकडा एकशे एकोणचाळीस. पाय तर शिवशिवत होते. तेवढ्यात रेषेपलीकडून एकच खणखणीत आवाज आला, "चाला! अहो, चाला!"

तो चालला. दोन्ही हात वर करून, मोठमोठ्याने हसत, ऐटीत चालत त्याने रेषा ओलांडली. दोन तास एकोणसाठ मिनिटं.

बायकोने त्याचं मनगट ओढून आधी घड्याळ पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "मी आठ मिनिटं आधी आले," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

सोमवारी तो ज्या ज्या इमारतीत गेला, तिथे तिथे रखवालदारापासून रहिवाशांपर्यंत सगळ्यांना त्याने वेळ सांगितली. स्वतःची नव्हे, तिची.