पॅनलवरचा शेंदूर

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे आधीच सांगून टाकते. अंगणवाडीत असा आवाज उपयोगी पडतो. घरात पडत नाही, पण आता सवय सुटायची नाही.

किन्हवलीपासून आत आमचं गाव. गावामागे ओहोळ, ओहोळापलीकडे वाडी, आणि त्या वाडीतल्या अंगणवाडीची मी सेविका. पायवाटेनं अर्धा तास लागतो. डांबरी रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा, आणि त्या वेळेला एसटी नाही. माझ्या आधीची सेविका या वाटेलाच कंटाळून सोडून गेली. मग ती खोली बरीच वर्षं कुलुपात होती. वाडीतली माणसं पाऊस ओसरला की वीटभट्टीवर जातात, पोरं म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकून. मी आले तेव्हा त्या खोलीत कोंबड्या अंडी घालत होत्या. पोरं बाहेर धुळीत आणि कोंबड्या आत फरशीवर, असा कारभार. तो मी उलटा केला, आणि त्याचा मला अभिमान आहे.

गणपती झाले आणि वाडीतला एक कुत्रा ओहोळाजवळून नाहीसा झाला. आठवड्यानं दुसरा. चिखलात बिबट्याच्या पंजाचा ठसाही सापडला. आमच्याकडे बिबट्या कोणी म्हणत नाही, वाघच म्हणतात, आणि वाटेत असताना तर वाघ हा शब्दही तोंडातून काढत नाहीत, जनावर म्हणतात. ही बातमी आमच्या घरी पोचली तेव्हा आमचे हे जेवत होते. हे लाइटीचे वायरमन. भर पावसात खांबावर चढतात, तेव्हा मी देव पाण्यात ठेवून बसते, त्याचं काही नाही. पण बायकोच्या वाटेवर जनावर म्हटल्यावर घास हातातच राहिला. उद्यापासून जायचं नाय, म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजीनाम्याचा अर्ज कोणाकडून तरी छान अक्षरात लिहून आणला. माझी फक्त सही राहिली होती.

घरात जे भांडण झालं ते सांगण्यासारखं नाही. माझं म्हणणं, जनावर अंधारात फिरतं, मी उन्हात जाते, आमची गाठ पडायचं कारण नाही. यांचं म्हणणं, हे तुला जनावरानं येऊन सांगितलं का? खरं तर यांचा मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला. शेवटी तह झाला. ओहोळाच्या वाटेवर कॅमेरा लावायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यातले फोटो बघायचे. जनावर दिवसाउजेडी त्या वाटेवर एकदा जरी दिसलं, तर मी सही करायची. नाही दिसलं, तर अर्ज चुलीत.

कॅमेरा मी वनरक्षकाकडून मिळवला. मुलगा मुरबाडकडचा, म्हणजे माझ्या माहेरच्या बाजूचा, म्हणून मला ताई म्हणतो. त्याची हद्द पार तानसाच्या जंगलाला टेकते आणि हाताशी माणूस नाही. तो म्हणाला, ताई, कॅमेरा देतो, पण तो सेल खातो. आठ सेल घातले की आठवड्यात संपतात, आणि बदलायला मी दर आठवड्याला येऊ शकत नाही. सोलरचा एक संच ऑफिसात पडलाय, पण तो जोडायचा कसा हे कोणाला माहीत नाही. मी म्हटलं, आण तो इकडे. घरात वायरमन बसलाय.

घरातला वायरमन काही हात लावेना. रविवारी सकाळी मी ओटीवर सगळं मांडून बसले. पाटीएवढं पॅनल, काडेपेटीपेक्षा जरा मोठी चार्जरची डबी, जुन्या इमर्जन्सी दिव्यातली सहा व्होल्टची बॅटरी, आणि हिरवट रंगाचा कॅमेरा, खाली पिन घालायचं भोक असलेला. हे झोपाळ्यावर बसून नखं काढत होते, माझ्याकडे न बघता. मी सुरीनं वायर सोलायला घेतली. एकदा तांब्याच्या तारा तुटल्या, दुसऱ्यांदा तुटल्या. तिसऱ्यांदा झोपाळा थांबला. हे उठून आले, माझ्या हातातून वायर ओढून घेतली, आणि दातानं सोलली. सुरीनं भाजी चिरतात, एवढंच बोलले.

मग काय, मला बाजूलाच सारलं. वायर पॅनलपासून चार्जरला, चार्जरपासून कॅमेऱ्याला, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. चार्जरवर लाल दिवा लुकलुकायला लागला, कॅमेरा ढिम्म. यांनी पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. आयुष्य घरांच्या लाइटीत गेलेलं. तिथं दोन वायरी उलटसुलट झाल्या तरी बल्ब लागतोच, त्यामुळे हे ठासून सांगत होते की कॅमेराच मेलाय. मी संचातला कागद उचलला. सगळा इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. पण मी दर महिन्याला पोरांची वजनं ग्रॅममध्ये वाचते, माझे डोळे चांगले आहेत. कागदावर आकडे घालून लिहिलं होतं, आधी बॅटरी, मग पॅनल, कॅमेरा शेवटी. आधी बॅटरी जोडली तरच त्या डबीला कळतं की आपण किती व्होल्टशी बोलतोय. आणि कॅमेऱ्याच्या भोकाशी एक गोल कोरलेला होता, मध्ये टिंब, टिंबाला अधिक. म्हणजे पिनीच्या आतल्या अंगाला लाल वायर हवी. यांनी ती बाहेरच्या अंगाला लावली होती.

मी हे वाचून दाखवलं आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, पण तेव्हा बसले, कारण त्यात जास्त मजा होती. यांनी कान खाजवला, वायरी फिरवल्या, सांगितल्या क्रमानं जोडल्या. चार्जरचा दिवा हिरवा झाला आणि कॅमेऱ्यानं डोळा मिचकावला. पहिला फोटो आला तो यांच्या बनियनचा.

त्यापुढचं काम मात्र यांनीच केलं, आणि ते मला कधी सुचलं नसतं. बॅटरी आणि चार्जर झाकणाच्या डब्यात ठेवले, डब्याला भोक खालून पाडलं, वरून नाही. वायर आत शिरायच्या आधी तिला झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळलं तर झोळातच थेंबून पडेल, आत जाणार नाही. हे सगळं करताना तोंडानं चाललेलंच, की हा नुसता खेळ आहे, पहिल्याच फोटोत जनावर येणार, तू सही करणार. पण हात अगदी मन लावून चालले होते. मला तेव्हा हे फार आवडले.

कॅमेरा ओहोळाच्या वळणावर ऐनाच्या झाडाला गुडघाभर उंचीवर बांधला. तिथं गच्च सावली. पॅनलला ऊन हवं, आणि ऊन पडतं अशी मोकळी जागा एकच, वाडी ज्याला देव मानते त्या वाघोबाच्या दगडाजवळची. म्हणून वायर लांबवून, दगडाच्या शेजारी बांबू रोवून, त्यावर दक्षिणेकडे तोंड करून पॅनल बसवलं. वाडीतली म्हातारी माणसं बघायला जमली. मी त्यांना समजावून सांगितलं, की तो झाडावरचा डबा वाघाचे फोटो काढतो, आणि हा वरचा काळा आरसा त्याला जेवू घालतो. हे दोघं माझी राखण करणार. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मी रोज त्या वाटेनं जायची. मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून, म्हणजे जनावराला आधीच कळावं की कोण येतंय. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू, पण घरी पोचेपर्यंत चेहरा सरळ करून टाकायची. अंगणवाडीचं कुलूप उघडते तोवर एक आजी पायरीवर येऊन बसायची, धापा टाकत. तिचा नातू माझ्याकडे होता, लेक-सून भट्टीवर. मी तिच्यावर ओरडायची, की छातीचं दुखणं अंगावर काढू नको, सरकारी दवाखान्यात जाऊन ये. ती हसायची आणि नातवाचं नाक पुसायची.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी वाडीची माणसं वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, खीर करतात, आणि आमची गुरं-माणसं सांभाळ म्हणून विनवतात. मी सुट्टीवर होते. भाऊबीज उरकून कामावर निघाले तर ओहोळाच्या वळणावर कॅमेऱ्याचा डोळा बंद. वायर धरून मागे गेले, वाघोबापाशी आले, आणि वर बघितलं तर पॅनल केशरी. काठापासून काठापर्यंत तेलातला शेंदूर चोपडलेला, बांबूला झेंडूची माळ. सूर्याचा किरण आत शिरेल अशी नखाएवढी जागा नव्हती. बॅटरी केव्हाच बसली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी नोकरी त्या काचेवर टांगलेली, आणि या वाडीवाल्यांनी तिला रंग फासला! वाडीत पोचून मी आवाज लावला, कोणी केलं हे, पुढे या. धापा टाकणारी आजीच पुढे आली.

"मी लावला," ती म्हणाली. "वाघोबाच्या बाजूला हुबा केलास, तुजी राखन करतो बोललीस. मंग वाघबारसला देवाला शेंदूर नि त्याला नाय, असं कसं?"

मी तिला नको नको ते बोलले. तुला अक्कल नाय, त्याला ऊन लागतं, शेंदूर नाय, तुझ्यामुळं माझं काम जाईल. सगळ्या पोरांसमोर बोलले. ती गेली, आणि मी दुपारी परत निघाले तेव्हा पॅनलखाली एक धोंडा ठेवून त्यावर उभी राहून पदरानं काच पुसत होती. तेलातला शेंदूर तो, पुसून आणखीच पसरत होता. मी थांबले नाही.

दोन दिवसांनी वनरक्षक लॅपटॉप घेऊन आमच्या ओटीवर आला. आम्ही तिघं डोकी जुळवून बसलो. वाघबारसपर्यंतचे फोटो कार्डात नीट होते. साळिंदर, मुंगूस, गावातली गुरं. टमरेल घेतलेला एक गृहस्थ, त्याचा फोटो वनरक्षकानं लगेच पुसला. जनावर दोनदा आलं होतं, एकदा नुसती शेपटी आणि एकदा पूर्ण, काय देखणं होतं ते. दोन्ही वेळा पहाटेच्या अंधारात. उजेडात एकदाही नाही. मी यांच्याकडे विजयानं बघितलं, पण हे माझ्याकडे बघत नव्हते. पडद्याकडे बोट दाखवत होते.

"ही कोन?"

सकाळी सव्वाआठ, आजी गावाच्या दिशेला जाताना. हातात कोयता. पावणेनऊ, मी वाडीकडे जाताना, हातात गाणी वाजवणारा मोबाईल. त्यानंतर दोन मिनिटांनी आजी माझ्या मागे, वाडीकडे. वनरक्षकानं दुसरा दिवस काढला. सव्वाआठला आजी, पावणेनऊला मी, माझ्यामागे आजी. तिसरा दिवस तसाच. एका दिवशी पाऊस शिंतडत होता, मी छत्रीत, आजी डोक्यावर गोणपाट घेऊन. सुट्टी लागेपर्यंतचा एकही कामाचा दिवस सुटलेला नव्हता. म्हणजे ती रोज वाटेकडेच्या करवंदीच्या जाळीत लपून माझी वाट बघत होती, आणि मी पुढे गेले की कोयता घेऊन मागून येत होती.

हे म्हणाले, "आमी घरात बसून नको जाऊ, नको जाऊ बोलत व्हतो. ती चालत व्हती." उठले, आणि अर्ज काढून चुलीत घातला.

मी तशीच वाडीत गेले. आजी दारात सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. फोटोंचं सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

"तो डबा वाघाचे फोटो काढतो बोललीस ना? मानसांचेबी काढतो?"

"मला का नाही सांगितलंस, गो?" मी विचारलं.

ती सुपातला खडा शोधत राहिली. "सांगतलं असतं तं तू वरडली असतीस, म्हातारे, घरी बस. तुज्यापुढं कोन बोलंल, बाय? मंग मी बसली असती घरी, नि तू आली असतीस एकटी."