मावशीची धमकी

माझी मावशी शाळेत भूगोल शिकवते. अभ्यासात टंगळमंगळ करणाऱ्याला तिची ठरलेली धमकी असे, "असाच राहिलास तर जंगलात झाडं मोजत बसशील!"

या सुट्टीत शिक्षकांचं प्रशिक्षण नेमकं जंगलातच निघालं. मावशी नाक मुरडतच गेली. वनअधिकारी बाईंनी प्रत्येकाला एक पोकळ गिरमिट दिलं. ते खोडात फिरवायचं, लाकडाची बारीक कांडी बाहेर काढायची आणि तिच्यावरच्या रेघा मोजून झाडाचं वय सांगायचं. बाकीच्या मास्तरांच्या कांड्या मोडल्या. मावशीची अख्खी निघाली! घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते.

शाळा उघडली. वर्गात तीच मावशी, तोच आवाज, "गाढवांनो, अभ्यास करा! नाहीतर झाडं मोजायच्या नोकरीला तुम्हाला कुणी दारातही उभं करणार नाही!"