कॅमेरा सोडून सगळं

एखादी वस्तू टाकायची नाही असं ठरवलं की किस्से आपोआप साठतात. टाकून नवीन घेणाऱ्यांकडे सांगण्यासारखं काही नसतं. त्यांच्याकडे फक्त वॉरंटी कार्ड असतं.

आमचे किस्से नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये साठले. तिथल्या बाकावर संध्याकाळी आम्ही तिघं बसतो. मी, बँकेतून रिटायर झालेले सेक्रेटरी कर्वे काका आणि दुसऱ्या मजल्यावरचे डॅनियल अंकल. अंकलनी चाळीस वर्षं इंजिनिअरिंग केलं. त्यांची मुलं इस्रायलला गेली, हे इथेच राहिले. गव्हाणहून मासे घेऊन येणारी नलिनी टोपली रिकामी झाली की पाच मिनिटं टेकते आणि तेवढ्यात सगळ्यांना सल्ला देऊन जाते.

लॅपटॉप माझ्या नवऱ्याचा, सुहासचा. सुहास जाऊन दीड वर्ष झालं. मी त्याच लॅपटॉपवर लिहिते. एके दिवशी स्क्रीनवर सूचना आली की या मशीनवर नवीन विंडोज चालणार नाही आणि जुन्याला आता अपडेट मिळणार नाहीत.

मुलगी केतकी बेंगळुरूला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, मी नवीन घेऊन देते. हा एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू."

मी म्हटलं, "ह्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकते."

"तू?"

"मी."

मग म्हणाली, "ठीक आहे. दिवाळीला येते. बँक, मराठी टायपिंग, प्रिंटर, व्हिडिओ कॉल, सगळं चाललं तर ठेव. नाहीतर तिथेच नवा घेऊ आणि जाताना मी हा नेते."

दिवाळीला अडीच महिने होते.

* * *

आधी स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने लॅपटॉपकडे बघायच्या आधी चार्जर उचलला. सुहासने त्या वायरला तीन ठिकाणी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. टेपचा रोल कायम त्याच्या खिशात असायचा. तुकडा कापला की त्याचे कोपरे कात्रीने गोल करायचा. "कोपरा गोल असला की टेप सुटत नाही," हा त्याचा सिद्धांत.

"मॅडम, ह्याला प्लास्टर कोणी घातलं?"

"मिस्टरांनी."

"लॅपटॉपचं वय झालंय. ह्याच्यात आता जीव नाही."

मी म्हटलं, "ते मी बघते. तुम्ही एक पेनड्राइव्ह द्या."

* * *

कर्वे काकांना एकच गोष्ट पटेना.

"फुकट? आख्खी सिस्टीम फुकट?"

"हो. जगभरातले लोक मिळून बनवतात आणि वाटतात."

"ओटीपी मागितला का?"

"नाही."

"मागतील!"

त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : 'फुकट सॉफ्टवेअरच्या नावाखाली फसवणूक. सभासदांनी सावध राहावे.' पुढे रोज सकाळी, दुधाची पिशवी घेताना, जिन्यात भेटले की विचारायचे, "मागितला?"

* * *

लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह तयार झाला. आता लॅपटॉप सुरू होताना एक विशिष्ट बटण दाबायचं होतं, तेही पहिल्या दोन सेकंदांत. कुठलं बटण हे कंपनीगणिक बदलतं. अंकल म्हणाले, "एफ टू." नाही झालं. कर्वे काका विश्वास नसतानाही म्हणाले, "डिलीट दाबून बघा." नाही झालं. नऊ वेळा बंद केला, नऊ वेळा चालू केला.

बाकाच्या टोकाला नलिनी टोपलीवर हात ठेवून बघत होती. ती म्हणाली, "अवो ताई, एकेक काय दाबताव? सगली दाबा ना!"

अंकल हसले. मी हसले नाही. दहाव्या वेळी वरच्या रांगेतल्या सगळ्या बटणांवरून, पेटीवर फिरवावं तसं, बोट फिरवत राहिले. निळा मेनू आला.

अंकलनी मेनू वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत ही पद्धत कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचली नव्हती."

"आमी मॅन्युअल नाय वाचत," नलिनी म्हणाली आणि टोपली उचलून बसस्टॉपकडे गेली.

* * *

खरं काम शुक्रवारी संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलावर सुरू झालं. अंकल बाजूच्या खुर्चीवर. भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, आणि स्क्रीनवर प्रश्न आला : या डिस्कवरचं सगळं पुसायचं का?

मी अंकलकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते. सूर्य समोरच्या बिल्डिंगमागे गेला होता. ते उठले.

"शब्बाथ लागला, मीना."

"अंकल! नुसतं हो की नाही तेवढं सांगा!"

"उद्या तारे दिसेपर्यंत काम नाही. मग सांगतो." चप्पल घालता घालता म्हणाले, "आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. गावाला एक दिवस तेल मिळालं नाही म्हणून कोणी मेलं नाही. तुझा घाणा राहू दे एक दिवस बंद."

आख्खा शनिवार लॅपटॉप तो एकच प्रश्न विचारत टेबलावर बसला होता. त्याच्या बाजूला मी जेवले. दुपारी राहवेना, म्हणून पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून जुनी डिस्क उघडून पुन्हा एकदा तपासली. मी सगळं कॉपी केलं होतं. फक्त 'तात्पुरतं' नावाचा एक फोल्डर सोडला होता, नाव वाचून.

उघडला. सुहासने दुरुस्त केलेल्या वस्तूंचे फोटो होते. आधी आणि नंतर. मिक्सरचं भांडं, छत्री, केतकीची शाळेतली सँडल, माझ्या चष्म्याची दांडी. प्रत्येक 'नंतर'मध्ये गोल कोपऱ्यांची काळी टेप.

फोल्डर कॉपी केला. दोनदा केला.

संध्याकाळी तारे दिसल्यावर अंकल आले. "काय, ठरलं का? हो की नाही?"

मी म्हटलं, "काल 'हो' म्हणणार होते. बरं झालं तुम्ही गेलात."

मग 'हो' दाबलं.

* * *

वीस मिनिटांत लिनक्स चढलं. मराठी टायपिंग पहिल्या दिवशी. बँक दुसऱ्या दिवशी. प्रिंटरने आठवडा घेतला, पण सुहासच्या हातूनही जो कधी वायरशिवाय चालला नव्हता, तो आपला आपण वायफायवर आला.

एका सकाळी कर्वे काका जिन्यात भेटले. "मागितला?" म्हणाले नाहीत. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत त्यांचा लॅपटॉप.

"मीनाताई, ओटीपी न मागता होत असेल, तर माझाही करून द्या. पण ग्रुपवर नको बोलायला."

* * *

राहिला कॅमेरा. आजवर मी व्हिडिओ कॉल फोनवरूनच करायचे, लॅपटॉपवरून पहिल्यांदाच करून बघत होते. व्हिडिओ कॉल लावला की केतकी मला दिसायची आणि तिला दिसायचा काळा चौकोन. कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा लागायचा, चित्र यायचं नाही.

"दिवा लागतो म्हणजे कॅमेरा जिवंत आहे!" अंकल म्हणाले. "ड्रायव्हरचा, म्हणजे कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम." त्यांनी तीन आठवडे कमांड दिल्या. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाला मोठं पत्र लिहिलं. त्याचंही मोठं उत्तर आलं. चौकोन काळाच.

"आई, मी नवीन बघून ठेवलाय," केतकी म्हणाली.

"दिवाळीला अजून नऊ दिवस आहेत," मी म्हटलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी घर आवरताना लॅपटॉपची स्क्रीन ओल्या फडक्याने पुसली. वरच्या काळ्या कडेवर मधोमध फडकं अडकलं. चष्मा घालून पाहिलं. काळ्यावर काळी, नखाएवढी टेप. चारही कोपरे गोल. बरोबर कॅमेऱ्यावर चिकटवलेली.

एक कोपरा ओल्या फडक्याने जरासा सुटला होता. तो मी अंगठ्याने दाबून बसवला आणि चकल्या तळायला गेले.

* * *

केतकी आली. फराळाला अंकल आणि कर्वे काका होते. तिने परीक्षा सुरू केली. बँक, चालली. टायपिंग, चाललं. प्रिंट आली. व्हिडिओ कॉल लावला. दिवा लागला, चौकोन काळा.

"एवढाच विषय राहिला," कर्वे काका म्हणाले.

केतकीने लॅपटॉप मांडीवर ओढला, स्क्रीन जवळ घेतली आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. मधोमध बोट थांबलं. तिने नख कोपऱ्याखाली घातलं. मी चकल्यांची ताटली घेऊन उभी होते.

नख तिथेच थांबलं. मग तिने नख काढून घेतलं आणि तो कोपरा अंगठ्याने दाबला. चांगला जोरात, बराच वेळ.

"काय गं, सापडला का ड्रायव्हर?" अंकलनी विचारलं.

"नाही अंकल. लिनक्सवर हा कॅमेरा चालणारच नाही."

"मग? नवीन घ्यायचा?" कर्वे काका म्हणाले.

"कशाला? बाकी सगळं चालतंय की," केतकी म्हणाली आणि माझ्या हातातली ताटली घेऊन तिने आधी अंकलपुढे धरली.