तीन दिवसांचा खाडा

आधी चा घ्या, मंग हसा. शहापूर, मुरबाड, दोनी तालुके धुंडाळा, माझ्यासारखा गाढव नाय गावायचा!

आटगावला पुठ्ठ्याच्या कंपनीत व्हतो मी. बंडलांना पट्टी मारायचं काम. अकरा वर्सं, एक खाडा नाय! लावनीला घरवाली एकटी चिखलात, आन मी कंपनीत. पन साहेबाच्या तोंडातनं कधी 'शाबास' निघालं? नाव नको! बोलला तं एवढंच, "मशीन छान चालतंय."

मशीन! अरे, बंडलं बांधतो कोन, तुझा सासरा?

टाळकंच फिरलं. घरवालीला बोललो, "जातो वैशाखऱ्याला, बहिनीकडं. काम अडलं का साहेब जीप घेऊन येल. पत्ता दे, पन लगेच नको. जरा रडव त्याला."

"अवो, साहेबाला तुमचं नाव तरी ठावं हाय का?"

तीन दिवस बहिनीच्या ओट्यावर बसून रस्ता बघितला. गाडी वाजली का शर्टाची बटनं लावायचो. बहीन हसायची, "दादा, कोंबड्यांचा टेम्पो हाय रे तो!"

चौथ्या दिवशी झक मारत कामावर गेलो. कोनी इचारलंच नाय! मस्टर बघतो तं काय, तिन्ही दिवस मी हजर! म्हंजे मी नाय ह्ये पन कोनाला दिसलं नाय? मस्टर पांडूदादाकडं, आमचा मुकादम. कायतरी सांगायला आला, मी तोंड फिरवलं. बोलनंच टाकलं त्याच्याशी.

चार दिवसांनी दसऱ्याची मशीनपूजा. घरची मानसं पन बोलावलेली. घरवाली ठेवनीतलं लुगडं नेसून पुढं बसली. आन साहेबानं माईकवर चक्क माझं नाव घेतलं! मला स्टेजवर बोलावलं. त्याच्या हातात बक्षिसाचं घड्याळ, भिंतीवर लावायचं.

"अकरा वर्षं, एकही खाडा नाही! हा माणूस एक दिवस नसला तर आपली कंपनी अडेल!"

घरवालीचं तोंड असं फुललं! आता गुमान घड्याळ घेऊन बसायचं का नाय? तुमी बसला असता. मी नाय! भडकलो.

"कुठं अडली? तीन दिवस नव्हतो मी! कुत्रं तरी भुंकलं का?"

साहेबानं मस्टर मागवलं. पांडूदादा खाली मान घालून उभा.

"खोटी हजेरी?" साहेब त्याच्यावर वराडला. मंग घड्याळ टेबलावर ठेवून माझ्या पाठीवर थाप मारली. "मुकादम असा पाहिजे, खरं बोलणारा! उद्यापासून मस्टर तुझ्याकडे."

टाळ्या! अकरा वर्सं वाट बघितली त्या टाळ्या! पांडूदादा पन वाजवत व्हता. दोनी हातांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

खाली उतरलो. "दादा, हाताला काय रे झालं?"

"काय व्हनार? तुझी तीन दिवसांची बंडलं. पयल्या सकाळीच कळलं तू नाय. इतक्या वर्सांची हजेरी तुझी, माझ्या हातनं मोडवली नाय रे." बोटांकडं बघत बोलला, "पट्टी लई कापते. तू कसा मारतोस, देवालाच ठावं."

आता मस्टर माझ्याकडं, पट्टी मारायला पांडूदादा. रोज त्याचं नाव पुकारतो. तो "हजर" बोलतो, माझ्याकडं बघत नाय. वाटतं, चार दिवस कुठं तरी तोंड लपवून पडावं.

पन मंग मला हजर मांडनार कोन?