वारज्यातला टायपिंग क्लास

माझं स्वतःचं एक छोटं संकेतस्थळ आहे. कॉलेजात असताना हौसेनं सुरू केलेलं. त्यावर ‘सध्या’ नावाचं एक पान आहे. आपण हल्ली काय करतो ते अधूनमधून तिथं लिहायचं, असा मूळ बेत होता. पण बरीच वर्षं त्या पानावर ‘नोकरी, घर, थोडं मुक्त सॉफ्टवेअर’ एवढंच पडून होतं. आता मात्र ओळखीचे लोक विचारायला लागलेत. नोकरी अर्ध्या वेळेची का केलीस? आणि सकाळी फोन केला की मागे एवढी टकटक कसली ऐकू येते? हे एका ओळीत सांगता येण्यासारखं नाही.

सुरुवात सासऱ्यांपासून करायला हवी. नारायण पेठेत त्यांचा टायपिंग क्लास होता. खाली स्टेशनरीचं दुकान, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत ओळीनं मांडलेली टाइपरायटरं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. पुण्यातल्या कितीतरी कचेऱ्यांमधले कारकून त्यांच्या हाताखालून गेले. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. संगणक आले, मुलं यायची थांबली, यंत्रं एकेक करून गेली. त्यामुळे सून संगणकातली आहे हे कळल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो असा: “म्हणजे आमचा क्लास बंद पाडणाऱ्यांपैकीच तू एक?”

मी फावल्या वेळात जगभरातल्या अनोळखी लोकांबरोबर सॉफ्टवेअर लिहिते आणि ते कुणालाही वापरू देते, हे कळल्यावर तर त्यांची मोठीच करमणूक झाली. पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, “ही दिवसा पगारी काम करते आणि संध्याकाळी बिनपगारी. संध्याकाळचं काम जास्त मन लावून करते.” खोटं नव्हतं ते. मी नुसतं हसायचे.

पुढे आम्ही वारज्याला राहायला आलो. मोठा फ्लॅट, लिफ्ट, खाली फिरायला जागा. आणि तिथं आल्यावर वर्षभरात सासऱ्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे पूर्ण अंधार झाला नाही. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं की घरात वावरता येईल, पण वाचता येणार नाही. ते शांतपणे ऐकून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पेपरवाल्या मुलाला त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, की उद्यापासून टाकू नकोस.

सासूबाईंनी पेपर परत सुरू केला आणि त्या रोज मोठ्यानं वाचून दाखवायला लागल्या. पण नको असलेल्या बातम्या त्या गाळायच्या आणि अग्रलेखाचा शेवट स्वतःच्या मनानं करायच्या. सासऱ्यांच्या ते लगेच लक्षात यायचं. “हे त्यानं लिहिलंय की तू?” असं विचारलं की वाचन तिथंच संपायचं. हळूहळू तेही बंद पडलं. बाल्कनीत खुर्ची टाकून ते हायवेच्या गाड्यांचा आवाज ऐकत बसायचे. माझ्या नवऱ्याला वडिलांचं असं गप्प बसणं अजिबात सोसायचं नाही. तो ऑफिसातून आला की मुद्दाम वाद उकरून काढायचा. त्यावरही ते “असेल” म्हणून मोकळे व्हायचे.

न दिसणाऱ्यांना पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात, हे मला ठाऊक होतं. एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्त प्रणाली होतीच, त्यावर मी तो प्रोग्रॅम चढवला, मराठी आवाज निवडला आणि पेपरचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. आवाज सुरू झाला. पहिलाच शब्द आला, “पुने.”

सासऱ्यांनी मान वर केली. पुढे ‘काळजी’ची ‘कालजी’ झाली, ‘करतो’चं ‘क-र-तो’ झालं. अर्धी बातमी त्यांनी सोसली. मग उठले आणि म्हणाले, “गृहस्थ कुठले आहेत ते विचार. आपले नाहीत.” आणि बाल्कनीत निघून गेले.

मी लॅपटॉप बंद केला, पण टेबलावरून उचलला नाही. दिवसभर घरून काम करायचं म्हणून माझा एक मोठा, जुन्या पद्धतीचा कीबोर्ड त्याच टेबलावर असतो. त्याची प्रत्येक कळ चांगली टक्क वाजते. मला तो आवाज आवडतो, घरातल्या बाकीच्यांना फारसा नाही. एका दुपारी मी कुरिअर घ्यायला दाराशी गेले होते. परत आले तर सासरे माझ्या खुर्चीत बसले होते. पाठ ताठ, कोपरं अंगाशी, आणि दहाही बोटं कीबोर्डवर. दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, ते त्यांनी बोटांनी चाचपून शोधले होते. न बघता बोटं जागेवर यावीत म्हणून ते असतात. मग ते टाइप करायला लागले. पडद्यावर अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं उमटत होती, कारण कीबोर्ड इंग्रजीत होता. पण ते मराठी टाइपरायटरच्या हिशोबानं लिहीत होते.

मी त्यांच्या मागून हात घालून मराठी टाइपरायटरची जुनी मांडणी लावून दिली. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असल्या जुन्या गोष्टी कुणीतरी जपून ठेवलेल्या असतात. “आता लिहा, बाबा,” एवढंच म्हणाले.

त्यांनी लिहिलं. पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर, तशीच जुन्या सवयीनं. कुठंही थांबले नाहीत. ओळ संपल्यावर त्यांचा डावा हात आपोआप उजवीकडे टाइपरायटरचा कॅरेज ढकलायला वर गेला आणि हवेतच राहिला. त्यावर ते स्वतःच हसले. मी ती ओळ जुन्या लॅपटॉपवर घेऊन आवाज सुरू केला. तो त्याच्या परक्या उच्चारात वाचायला लागला: ‘दिसत नसले तरी हाताला आठवते आहे.’

स्वयंपाकघरातून सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी फक्त कळांचा आवाज ऐकला होता. “क्लास सुरू झाला की काय?” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्या दिवशी चहा कुणी केलाच नाही.

मुलांना कळा बघू न देता शिकवणारा माणूस होता तो. त्यांच्या क्लासमध्ये कळांवर कागद चिकटवलेले असायचे, हे त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितलं. बघून टाइप करणारा त्यांच्या लेखी अडाणी. आणि हे सगळं त्यांच्यापाशी आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्याही.

आता ते रोज लिहायला लागले. पण लिहिलेलं परत ऐकायचं तर तोच आवाज, आणि तो त्यांना सोसेना. तेव्हा मी त्यांना समजावलं की हा आवाज शब्द कसे उच्चारतो याचे नियम एका फाइलमध्ये लिहिलेले आहेत, ती फाइल उघडी आहे, आणि आपल्याला ती बदलता येते.

“कुणाला विचारावं लागत नाही?”

“नाही. बदलायची, आणि बरी झाली तर मूळ लोकांकडे पाठवायची. त्यांना पटली तर सगळ्यांच्या मशीनवर जाते.”

ते म्हणाले, “मग बसून काय राहिलीयस?”

पुढचे काही महिने आमच्या घरात मराठीचा नुसता धुरळा उडत होता. ‘ळ’ आणि ‘ण’ लवकर ताळ्यावर आले. खरी झटापट ‘च’ आणि ‘ज’शी झाली. चार माणसांतला ‘च’ वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला वेगळा. लिहायचं अक्षर एकच. मराठी माणसाला हे कुणी शिकवत नाही, आणि यंत्राला शिकवल्याशिवाय येत नाही. सासूबाई भाजी निवडता निवडता शब्द पुरवायच्या, सासरे त्यांचे दोन गट पाडायचे, मी नियम लिहायचे. कुठल्या गटात टाकायचा यावरून दोघांचं जोरदार भांडण व्हायचं आणि मी लॅपटॉप धरून निकालाची वाट बघत बसायचे.

एका सकाळी आवाजानं ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ म्हातारपणाच्या ‘जरे’सारखा उच्चारला. सासरे म्हणाले, “मला जरा आली आहे, मान्य. पण दर वाक्यात आठवण करून द्यायची गरज नाही.” ते ऐकून माझा नवरा बाथरूममधून दाढीचा फेस लावलेल्या तोंडानं हसत बाहेर आला. वडिलांचा तो जुना तिरकसपणा त्यानं किती दिवसांनी ऐकला होता.

सगळे नियम नीट लावून मी ते मूळ प्रकल्पाकडे पाठवले. तो प्रकल्प सांभाळणारे गृहस्थ दूरच्या एका थंड देशात राहतात. त्यांना मराठी येत नाही. बदल चांगले दिसतात, पण ते बरोबर आहेत हे मी कसं ठरवू, असं त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं. मी उत्तर लिहायला घेतलं, तर सासरे म्हणाले की हे उत्तर मी देतो. त्यांनी इंग्रजीत लांबलचक खुलासा टाइप केला. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, शेवट ‘युअर्स फेथफुली’, मध्ये क्रमवार उदाहरणं. प्रकल्पाच्या त्या चर्चेत सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात आणि दीड ओळीच्या वर कुणी लिहीत नाही. पाठवू की नको असं मला झालं होतं, पण शब्दही न बदलता पाठवलं.

दोनच दिवसांत उत्तर आलं. इतकं सुंदर पत्र या प्रकल्पाला आजवर कुणी लिहिलं नाही, असं त्या गृहस्थांनी म्हटलं होतं. बदल स्वीकारले होते, आणि काम करणाऱ्यांच्या नावांमध्ये माझ्या नावाखाली सासऱ्यांचं नाव घातलं होतं. मी ते पान उघडून आवाज सुरू केला. आमच्या आडनावात ‘ळ’ही आहे आणि ‘ण’ही. आवाजानं ते स्वच्छ उच्चारलं. सासऱ्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग सासूबाईंनी लावलं. मग शेजारच्या काकूंना बोलावून त्यांनाही ऐकवण्यात आलं.

नवी आवृत्ती बाहेर पडली तशी लोकांची पत्रं यायला लागली. आता काही शब्द तर अगदी घरच्यासारखे वाटतात, असं कुणी लिहिलं. कुणी चुकलेले शब्द पाठवले, त्यांचं सासऱ्यांनी मनापासून स्वागत केलं आणि दिसत नसताना आपण हे स्वतः टाइप करतोय असं सांगत प्रत्येकाला उत्तर दिलं. साताऱ्याकडची एक मुलगी होती, जन्मापासून न दिसणारी, शिक्षिका होण्यासाठी शिकत असलेली. तिनं विचारलं की काका टायपिंग कुठं शिकले आणि मला शिकवतील का.

ते मला म्हणाले, “फोनवरून शिकवता येईल?”

मी म्हटलं, “तुम्हाला कळा बघायच्या नसतातच. तिलाही नकोत.”

असा क्लास सुरू झाला. आधी ती एकटी, मग तिची मैत्रीण, मग नांदेडचे एक पेटीवादक, मग आणखी काही. रोज सकाळी आमच्या डायनिंग टेबलावर फोन उभा केलेला असतो आणि त्यातून निरनिराळ्या गावांतल्या कळांचे आवाज येत असतात. सासरे डोळे मिटून ऐकतात. मधूनच म्हणतात, “सातारा, घाई करू नका. मागे कुणी लागलेलं नाही.” विद्यार्थ्यांना ते अहो-जाहो करतात, पूर्वीही करायचे म्हणे. मला हे काम इतकं आवडायला लागलं, की मी ऑफिसात बोलून नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली. उरलेला वेळ आता मराठी आवाजाला. त्या थंड देशातल्या गृहस्थांनी मराठीची सगळी जबाबदारी आमच्यावर टाकली आहे. आमच्यावर म्हणजे घरातल्या तिघांवर.

मागच्या हिवाळ्यात सगळे विद्यार्थी ठरवून पुण्याला आले. सरांना भेटायचं होतं. घरात एवढी माणसं मावेनात, म्हणून आम्ही सगळे खडकवासल्याला गेलो. धरणाच्या भिंतीलगत गाड्यांची ही रांग, वारा, भाजलेल्या कणसांचा वास. नवऱ्यानं सतरंज्या अंथरल्या. कांदाभजी आली. पाण्यावरून येणारा वारा गार होता आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. एकमेकांचे आवाज ओळखून “तुम्हीच का नांदेड?” असं चाललं होतं. पेटीवादकांनी पेटी आणली नव्हती, म्हणून त्यांच्याकडून नुसतं गाऊन घेतलं.

साताऱ्याची मुलगी सासऱ्यांच्या शेजारी बसली होती. गडबड जरा कमी झाल्यावर ती म्हणाली, “सर, मला शाळेत नोकरी लागली. मराठी शिकवते. पहिल्या चाचणीची प्रश्नपत्रिका मीच टाइप केली. कुणाकडून तपासून घेतली नाही.”

सासऱ्यांच्या हातात भजी होती, ती त्यांनी तशीच खाली ठेवली.

“चुका किती?” त्यांनी विचारलं.

“मुलांनी एक काढली, सर.”

“हुशार आहेत मुलं,” ते म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे वळून सांगितलं की सगळ्यांसाठी आणखी भजी मागव, आणि या वेळी गरम दे म्हणावं. सासूबाईंनी तेलाची आठवण करून दिली, पण कुणीच ऐकलं नाही. पोलीस शिट्टी वाजवत गाड्या हलवायला येईपर्यंत आम्ही तिथं बसून खात होतो.